जनगणनेत न सापडलेली मुले: 1997 चे इंडोनेशियातील वणवे आणि अर्भकांचे मृत्यू

1997 च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत इंडोनेशियातील सुमात्रा बेट आणि बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडे असलेला भाग, म्हणजे कालिमांतान, धुराखाली होता. विमानतळ बंद पडले, शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या आणि राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांना शेजारी देशांची जाहीर क्षमा मागावी लागली. त्या काळी नुकसानीचे जे हिशेब मांडले गेले त्यांत जळालेले जंगल होते, बुडालेले पर्यटन होते, दवाखान्यांत आलेल्या दमेकऱ्यांची संख्याही होती. पण या धुरामुळे किती बाळे दगावली याचा आकडा त्यांत नव्हता. तो पुढे कित्येक वर्षांनी पुढे आला. अर्थशास्त्रज्ञ सीमा जयचंद्रन यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार गर्भावस्थेतील, अर्भकावस्थेतील आणि बालवयातील मिळून सुमारे 15,600 जीव या धुराने घेतले. धुराच्या छायेत आलेल्या जन्मगटांच्या, म्हणजे त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या गटांच्या, तुलनेत हे प्रमाण 1.2 टक्के भरते. हा आकडा एकाही मृत्युदाखल्यावरून काढलेला नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

आग कशी लागली

त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनोची स्थिती तीव्र होती आणि इंडोनेशियातील पाऊस लांबला होता. परंतु दुष्काळाने केवळ जमीन वाळते. काडी लावायला माणूस लागतो. तेलताड आणि कागदाच्या लगद्यासाठी लागणारी झाडे लावण्याकरिता मोठमोठ्या कंपन्या जंगल साफ करीत होत्या आणि तोडलेले जंगल पेटवून देणे हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त मार्ग होता. सुरुवातीला सरकारने नेहमीप्रमाणे फिरती शेती करणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यांकडे बोट दाखवले. मात्र आगीच्या ठिकाणांची उपग्रहांनी टिपलेली चित्रे हाती आल्यावर सप्टेंबर 1997 मध्ये सरकारलाच 176 कंपन्यांची नावे संशयित म्हणून जाहीर करावी लागली.

याहून खोल कारण मध्य कालिमांतानच्या दलदलीत होते. देशाला तांदळात स्वयंपूर्ण करण्यासाठी सुहार्तो यांनी 1995 मध्ये एक महाप्रकल्प जाहीर केला. सुमारे 10 लाख हेक्टर पीट दलदलीचे भातशेतीत रूपांतर करण्याचा तो बेत होता. त्यासाठी चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणण्यात आले आणि त्या कालव्यांवाटे हजारो वर्षे पाण्याखाली असलेल्या जमिनीतले पाणी निघून गेले. भात काही पिकला नाही. जमीन मात्र वाळून जळाऊ झाली.

पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या झाडापाल्याचा थर. काही ठिकाणी तो कित्येक मीटर खोल असतो. कोकणात राब भाजतात तेव्हा पालापाचोळा भडकतो आणि दुपारपर्यंत विझून राख होतो. पीटची आग तशी नसते. ती जमिनीच्या आत शिरते, ज्वाळेविना आठवडेच्या आठवडे धुमसत राहते आणि कमी तापमानामुळे जळण अपुरे होत असल्याने प्रचंड प्रमाणात सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड हवेत सोडते. वरून पाणी मारून ती विझत नाही. जमिनीतील पाण्याची पातळी पुन्हा वर यावी लागते. 1997-98 या काळात इंडोनेशियात सुमारे 97 लाख हेक्टर क्षेत्र जळाल्याचा अंदाज आहे, जे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळपास एक तृतीयांश होते. नुसत्या पीटच्या व त्यावरील जंगलाच्या जळण्यातून 0.81 ते 2.57 अब्ज टन कार्बन हवेत गेला, असे 2002 मधील एका अभ्यासाने मांडले. त्या काळी जगभर कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला जितका कार्बन बाहेर पडे त्याच्या 13 ते 40 टक्के एवढा हा वाटा होता.

वाऱ्यांची दिशा त्या महिन्यांत आग्नेयेकडून वायव्येकडे असते. त्यामुळे धूर सुमात्रा, कालिमांतान, मलेशिया आणि सिंगापूरवर साचला, तर देशातील सर्वाधिक लोकवस्तीचे जावा बेट बरेचसे सुटले. मलेशियाच्या सारवाक राज्यात 19 सप्टेंबर रोजी आणीबाणी जाहीर झाली. तेथील कुचिंग शहरात प्रदूषण निर्देशांक 800 च्या पुढे गेला. 300 च्या वरची हवाच धोकादायक समजली जाते. सुमात्रा आणि कालिमांतानमधील जी शहरे आगीच्या अगदी जवळ होती तेथे तरंगत्या कणांचे प्रमाण घनमीटरला 1,000 मायक्रोग्रॅमच्या पुढे नोंदले गेले, आणि भारतात 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी 24 तासांची कमाल मर्यादा 100 मायक्रोग्रॅम आहे.

26 सप्टेंबरला सुमात्रातील मेदान शहराजवळ गरुडा कंपनीचे प्रवासी विमान दाट धुरक्यात आणि नियंत्रण कक्षाशी झालेल्या दिशेच्या गोंधळात कोसळले आणि त्यातील सर्व 234 जण मृत्युमुखी पडले. त्या प्रत्येकाचे नाव प्रवासी यादीत होते. त्याच आठवड्यांत त्याच बेटावर मृत जन्मलेल्या किंवा जन्मून दोन दिवसांत गेलेल्या बाळांची अशी कोणतीही यादी नव्हती.

नोंद नसलेला मृत्यू मोजायचा कसा

ग्रामीण इंडोनेशियात त्या काळी बाळंतपणे मोठ्या प्रमाणावर घरी, सुईणीच्या हातून होत. बाळ दगावले तर त्याची सरकारी नोंद होईलच असे नव्हते आणि मृतजन्माची नोंद होण्याची शक्यता तर त्याहून कमी. ज्या देशात जन्म आणि मृत्यू यांची नोंदणीच अपुरी असते तेथे रुग्णालयांचे आकडे गोळा करून अर्भकमृत्यूंविषयी निष्कर्ष काढणे जवळजवळ निरर्थक ठरते, कारण ज्या घरांतील बाळे सर्वाधिक संख्येने दगावतात तीच घरे रुग्णालयापर्यंत पोहोचलेली नसतात. हवेची गुणवत्ता मोजणारी केंद्रेही मोजकी आणि शहरांपुरती होती. थोडक्यात, विषाची मात्रा आणि तिचा परिणाम या दोन्ही गोष्टी जमिनीवर मोजल्या गेल्या नव्हत्या.

जयचंद्रन यांनी दोन्हींसाठी आडवाट धरली. धुरासाठी त्यांनी अमेरिकेच्या नासा संस्थेच्या उपग्रहावरील उपकरणाची माहिती वापरली. हे उपकरण मुळात ओझोनचा थर मोजण्यासाठी होते, परंतु अतिनील किरण शोषून घेणारे धुराचे कण किती आहेत याचा निर्देशांकही त्यावरून काढता येतो. त्यामुळे देशाच्या कोणत्या भागावर कोणत्या दिवशी किती धूर होता हे हवा मोजणारे केंद्र नसलेल्या ठिकाणांसाठीही समजले. या मापनात एक उणीव आहे: जमिनीलगतचा धूर हे उपकरण नीट टिपत नाही. मोजण्यातील अशी ढिलाई सहसा परिणाम आहे त्यापेक्षा लहान दाखवते, म्हणून ती निष्कर्षाला फारशी बाधक ठरत नाही.

मृत्यूंसाठी त्यांनी 2000 च्या जनगणनेचा आधार घेतला. तीत 20 कोटींहून अधिक लोकांची मोजणी झाली होती आणि प्रत्येकाच्या जन्माचा महिना व वर्ष नोंदवले होते. डिसेंबर 1996 ते मे 1998 या काळात जन्मलेली मुले जनगणनेच्या वेळी दोन ते साडेतीन वर्षांची होती. प्रत्येक उपजिल्ह्यात, म्हणजे साधारणपणे आपल्या तालुक्याला समांतर असलेल्या प्रशासकीय घटकात, प्रत्येक महिन्यात जन्मलेली किती मुले हयात आहेत हे त्यांनी मोजले. मग प्रश्न साधा राहिला. ज्या ठिकाणी, ज्या महिन्यांत धूर दाट होता, तेथील त्या महिन्यांच्या मुलांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी आहे का? ती कमी निघाली. जी मुले मोजणीत असायला हवी होती आणि नव्हती, त्यांच्या संख्येवरून मृत्यूंचा अंदाज बांधला गेला.

अनुपस्थितीवरून मृत्यू ताडण्याची ही रीत नवी नव्हती. अमर्त्य सेन यांनी 1990 मध्ये आशियातील हरवलेल्या स्त्रियांची संख्या अशाच तर्काने मांडली होती. पण महिन्याच्या आणि तालुक्याच्या पातळीवर, एकाच प्रदूषण घटनेसाठी ती वापरणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होते.

शंका आणि त्यांची उत्तरे

असा निष्कर्ष वाचून जाणत्या वाचकाच्या मनात पहिली शंका येईल ती आर्थिक संकटाची. थायलंडच्या चलनापासून जुलै 1997 मध्ये सुरू झालेले आशियाई आर्थिक संकट इंडोनेशियात पोहोचले आणि 1998 च्या आरंभी रुपिया या तेथील चलनाची किंमत रसातळाला गेली. मग बाळे धुराने गेली की उपासमारीने? येथे वेळ आणि जागा या दोन्हींचा मेळ कामी येतो. चलन कोसळल्याचा फटका सगळ्या देशाला बसला, धूर मात्र काही बेटांवर होता आणि काहींवर नव्हता. एकाच महिन्यात जन्मलेल्या, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या मुलांची तुलना केली की देशव्यापी संकटाचा वाटा दोन्ही बाजूंना सारखाच पडून गळून जातो. शिवाय धुराची तीव्रता ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये होती, तर आर्थिक हलाखीचा कळस त्यानंतर आला.

दुसरी शंका दुष्काळाची आहे आणि ती अधिक चिवट आहे, कारण जेथे पाऊस कमी तेथेच आग जास्त, आणि जेथे पाऊस कमी तेथे पीकही कमी. यासाठी पावसाचा परिणाम वेगळा काढून पाहावा लागतो. वाऱ्याचाही येथे उपयोग होतो: धूर आगीपासून शेकडो किलोमीटर दूर वाहून जात असल्यामुळे जेथे शेत जळाले नाही अशा ठिकाणीही तो पोहोचला होता.

तिसरी शंका अशी की धुराच्या काळात गर्भधारणाच कमी झाल्या असतील आणि त्यामुळे मुले कमी दिसत असतील. अभ्यासातील शेवटचा जन्मगट मे 1998 चा आहे. त्या मुलांचे गर्भ ऑगस्ट 1997 च्या सुमारास राहिले असणार, म्हणजे धूर दाटण्याच्या उंबरठ्यावर. त्याआधी जन्मलेल्या सर्व मुलांचे गर्भ धुरापूर्वीच राहिलेले होते. लोक धुरापासून पळून दुसरीकडे गेले असतील, ही चौथी शक्यता. तिचा विचार जनगणनेतील स्थलांतराच्या माहितीवरून करता येतो. माझ्या मते या सर्व शंकांमध्ये दुष्काळाचीच शंका गंभीर आहे. बाकीच्यांची उत्तरे काळाच्या क्रमातच दडलेली आहेत.

एक मर्यादा मात्र या रीतीच्या स्वभावातच आहे. मूल मोजणीत नाही एवढेच जनगणना सांगते. ते पोटातच गेले, जन्मताना गेले की सहा महिन्यांचे होऊन न्यूमोनियाने गेले, हे ती सांगत नाही. तरीही कोणत्या महिन्यातील धुराचा संबंध मुलांच्या घटलेल्या संख्येशी अधिक घट्ट आहे हे पाहता येते, आणि या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष तेथूनच निघाला. जन्मानंतर बाळाने श्वासावाटे घेतलेल्या धुरापेक्षा जन्माआधीच्या तीन महिन्यांत आईने घेतलेला धूर अधिक घातक ठरला होता.

आईच्या श्वासातून बाळापर्यंत

हा निष्कर्ष प्रथम ऐकताना उलटा वाटतो. नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 वेळा श्वास घेते, वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा ओढते आणि त्याच्या फुप्फुसांतील बहुतेक वायुकोश अजून तयार व्हायचे असतात. मग पोटातील बाळ, जे स्वतः हवा घेतच नाही, ते अधिक धोक्यात कसे? उत्तर असे की ते आईच्या रक्तावर जगते. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात, शरीरभर दाह निर्माण करतात आणि त्यांतील सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. दाहामुळे वारेतील, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवातील, रक्तपुरवठा बिघडतो. बेल्जियममधील संशोधकांनी 2019 मध्ये वारेच्या बाळाकडील बाजूलाही काजळीचे कण आढळल्याचे दाखवले, त्यामुळे वार हा अभेद्य पडदा आहे ही समजूत टिकणारी नाही. धुमसत्या पीटमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तर सहज पार होतो आणि गर्भाच्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून बसतो. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचे वजन झपाट्याने वाढत असते आणि प्राणवायूची गरजही. तेव्हाच पुरवठा आखडला तर बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मते, आणि अशी बाळे पहिल्या महिन्यात सर्वाधिक दगावतात.

अगदी वेगळ्या परिस्थितीतील पुरावाही याच दिशेने जातो. अमेरिकेत 1981-82 च्या मंदीत कारखाने थंडावले आणि काही जिल्ह्यांतील हवा एकाएकी स्वच्छ झाली. केनेथ चे आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी त्या जिल्ह्यांची तुलना करून 2003 मध्ये दाखवले की तरंगते कण 1 टक्क्याने घटले की अर्भकमृत्युदर सुमारे 0.35 टक्क्याने घटतो. त्यांनाही घट मुख्यतः जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात आढळली.

धूर एकच, परिणाम दोन

इंडोनेशियाच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट ठळक होती. सारख्याच धुराखाली असलेल्या गरीब भागांत मुलांच्या संख्येतील घट सधन भागांपेक्षा कितीतरी मोठी होती. याची कारणे शोधताना अभ्यास लाकडाच्या चुलींकडे निर्देश करतो. ज्या घरात आधीच रोज दोन वेळा चुलीचा धूर कोंडतो, त्या घरातील गर्भवतीच्या शरीरावर बाहेरच्या धुराचा भार पडतो तो आधीच्या भाराच्या वर. फटींतून वारा खेळणाऱ्या लाकडी घरांत दारे-खिडक्या लावून आत बसण्याला अर्थ नसतो आणि ज्यांचे पोट रोजच्या कामावर आहे त्यांना घरात बसणे परवडतही नाही.

सिंगापूरचा अनुभव याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. त्याच 1997 च्या धुरक्यात तेथे दवाखान्यांत येणाऱ्यांची संख्या वाढली. 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण 50 वरून 150 मायक्रोग्रॅम झाले तेव्हा दम्याच्या तक्रारी 19 टक्क्यांनी आणि नाकाच्या दाहाच्या 26 टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. परंतु रुग्णालयातील भरती आणि मृत्यू यांत लक्षणीय वाढ दिसली नाही. तेथे धूर कमी होता हे खरे; पण तेथे दारे घट्ट लागणारी घरे, जवळ दवाखाने आणि गॅसच्या शेगड्या होत्या हेही तितकेच खरे. केवळ सिंगापूरचे आकडे हाती असते तर हा धूर त्रासदायक, पण जीवघेणा नव्हे, असा निष्कर्ष निघाला असता. जेथे मोजमाप उत्तम होते तेथे मृत्यू नव्हते, आणि जेथे मृत्यू होते तेथे मोजमाप नव्हते. प्रदूषणाविषयीच्या पुष्कळशा वादांत ही विसंगती लपलेली असते.

जी मुले वाचली त्यांचे काय झाले, याचाही मागोवा पुढे घेतला गेला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इंडोनेशियातील कुटुंबांची वर्षानुवर्षे पाहणी करणाऱ्या सर्वेक्षणाच्या आधारे, गर्भावस्थेत 1997 चा धूर सोसलेली मुले सतराव्या वर्षी सरासरी 3.3 सेंटिमीटरने ठेंगणी राहिल्याचे आढळले.

भारतीय वाचकाने हे प्रकरण परदेशातील एक जुनी दुर्घटना म्हणून बाजूला ठेवू नये. जागतिक वायुस्थितीच्या 2020 च्या अहवालात, 2019 या एका वर्षात भारतात जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात दगावलेल्या 1,16,000 हून अधिक बाळांच्या मृत्यूंचा संबंध हवेच्या प्रदूषणाशी जोडला आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांशी, तर उरलेले घरातील चुलीच्या धुराशी निगडित असल्याचे म्हटले आहे. इंडोनेशियातील धूर तीन-चार महिन्यांचा होता म्हणून आकडेवारीत खळगा पडून तो दिसला. बारमाही धुराने असा खळगा पडत नाही. आणि खळगा शोधायचा तर जनगणना वेळेवर व्हावी लागते. आपल्याकडे 2021 ची जनगणना लांबणीवर पडली.

त्यानंतरचे दोन वणवे

1997 नंतर आग्नेय आशियाई देशांनी सीमापार धुरक्याविषयी 2002 मध्ये करार केला. ज्या देशातून धूर येतो त्या इंडोनेशियाने त्याला मान्यता देण्यास 2014 साल उजाडले. पुढच्याच वर्षी, पुन्हा एल निनोच्या दुष्काळात, सुमारे 26 लाख हेक्टर जळाले. हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनी इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर मिळून एक लाखाहून अधिक अकाली मृत्यूंचा अंदाज 2016 मध्ये मांडला तेव्हा तिन्ही सरकारांनी त्यावर आक्षेप घेतले. या अंदाजात केवळ प्रौढांचे मृत्यू धरले होते; बाळे पुन्हा हिशेबाबाहेर राहिली.

प्रशासनाला बाळांची आठवण झाली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ऑक्टोबर 2015 मध्ये इंडोनेशियाने लहान मुलांना आणि त्यांच्या मातांना धुरातून बाहेर काढण्यासाठी युद्धनौका सज्ज ठेवल्या. हेतू योग्य होता. परंतु 1997 च्या आकड्यांवरून पाहिले तर अशा वेळी ज्यांना सर्वांत आधी हलवायला हवे त्या सातव्या महिन्यापुढच्या गर्भवती असतात, आणि तेही धूर दाटल्यावर नव्हे, दाटण्याची चिन्हे दिसताच. एल निनोचा अंदाज कित्येक महिने आधी मिळतो आणि कोणत्या गावात किती बाया गरोदर आहेत हे गावच्या सुईणीला ठाऊक असते. या दोन माहितींची गाठ घालण्यासाठी युद्धनौका लागत नाहीत.

जानेवारी 2016 मध्ये पीट जमिनी पूर्ववत करण्यासाठी स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली आणि पाण्याची पातळी वर यावी म्हणून वीस वर्षांपूर्वी खणलेल्या कालव्यांवर बंधारे घालण्याचे काम सुरू झाले. 2019 च्या कोरड्या मोसमात पुन्हा सुमारे 16 लाख हेक्टर जळाले. त्यातही पीट जमीन होतीच.